हजेरीची सावड

परवा आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला गेले होते. भाचीला मेडल मिळायचं होतं. कशाचं गं मेडल, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आत्या, ते अजून कळलं नाही. पण मिळणार. सगळ्यांनाच मिळतं." आमच्या वेळी बक्षीस कशाकशाला आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक असायचं आणि मिळायचं मात्र चौघांना. चालायचंच.

समारंभ लॉनवर होता. व्हय, बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या आमच्या शाळेला आता लॉन आहे. पूर्वी तिथं बाभळी होत्या आणि हेडमास्तरांची शेळी. आता भलामोठा चमकता पडदा, धूर सोडणारं यंत्र, आणि दर वाक्याला "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत" म्हणणारी एक बाई. जेवायला पनीर, नूडल्स आणि चॉकलेटचं कारंजं. त्या कारंज्यापुढं पोरांपेक्षा पालकांचीच रेटारेटी जास्त. मी स्वतः दोनदा जाऊन आले, खोटं कशाला बोलू.

धुरानं डोळे चुरचुरायला लागले तशी उठून स्टेजच्या मागं गेले, तर आमचा दहावीचा पत्र्याचा वर्ग अजून उभा! आता त्यात मोडकी बाकं टाकतात. दार ढकललं आणि भप्पकन तो वास आला. खडू, ओलं पोतं, उंदीर, आणि सगळ्यांवर वरताण खोबरेल तेल. मागच्या भिंतीवर शेवटच्या बाकावरची पोरं डोकी टेकून बसायची, त्या डोक्यांचे गोल गोल तेलकट डाग अजून तसेच आहेत. मधे दोनदा रंग दिला म्हणे. डागांनी काही दाद दिली नाही. मी एक बरं बाक बघून पदरानं पुसलं आणि बसले.

आमच्या वेळी स्नेहसंमेलन, बक्षीस, दहावीचा निरोप आणि जेवण ही चारही कार्यं एकाच दिवशी उरकायची. फेब्रुवारीत, निम्मा ऊस तुटून गेलेला असताना. कारण मांडव एकाच दिवसापुरता मिळायचा. दुसऱ्या दिवशी तो कुणाच्या तरी लग्नाला जायचा. सकाळी नाच-नाटुकली, दुपारी बक्षिसं, मग जेवण आणि जेवण झाल्यावर रडणं. रडणं आधी ठेवलं तर पोरी जेवत नाहीत आणि लापशी उरते, असा हेडमास्तरांचा जुना अनुभव होता.

काय ते जेवण! सांगवीकडची पोरं वांगी-कोथिंबिरीची पोती घेऊन यायची, पणदऱ्याकडची सायकलच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवून. लापशी नववीच्या पोरांनी ढवळायची. दहावीच्यांनी काडी इकडची तिकडं करायची नाही, आम्ही त्या दिवशीचे पाहुणे. ज्या मास्तरांनी वर्षभर छड्या दिल्या तेच पंगतीत वाकून लापशी वाढायचे, वर तुपाची धार धरायचे आणि "घे गं अजून, लाजतीस काय" म्हणायचे. वारं कारखान्याकडनं असलं की मळीचा आंबूस वास यायचा आणि तो थेट लापशीत उतरायचा. अजूनही कुठं लग्नात लापशी खाल्ली की मला वाटतं, यात काहीतरी घालायचं राहिलंय.

बक्षिसं मोजून चार. पहिला नंबर, पळणे, निबंध आणि शेवटचं, शंभर टक्के हजेरी. त्याला काय मिळायचं, तर गजराचं घड्याळ. जे पोर वर्षभर एक दिवस चुकलं नाही, ज्याला मुळात गजराची गरजच नाही, त्यालाच घड्याळ! पण हे हेडमास्तरांना विचारणार कोण?

त्या वर्षी ते बक्षीस मला पाहिजे होतं. घड्याळ नको, माईकवरून नाव पुकारलं जायला हवं होतं, आणि त्याचं कारण तात्या. तात्या म्हणजे माझे वडील. सगळा गाव तात्या म्हणायचा, म्हणून आम्हीही. माणूस वाईट नव्हे, पण पोरीची जात दहावी झाली म्हणजे खूप झालं, असं त्यांचं मत. मी बारामतीच्या कॉलेजचं काढलं की ते म्हशींना पाणी दाखवायला उठून जायचे. म्हशी एवढं पाणी उभ्या जन्मात प्याल्या नसतील. शेवटी जूनमध्ये, घरात चार पाहुणे चहाला बसलेले असताना आईनं मुद्दाम विषय काढला. आता पाहुण्यांपुढून उठता येईना.

"जाऊ द्या की," तात्या बशीत चहा ओतत म्हणाले, "पर हिचं एकदा तरी शाळंच्या स्टेजवरनं नाव येऊ द्या. चार मानसांत, माईकवरनं नाव पुकारलं तर धाडतो बारामतीला. शब्द हाय माजा."

पाहुणे हसले. हसणारच. अभ्यासात माझा नंबर वरून मोजायला कुणी बसत नसे. निबंधात मी गाय आणि म्हैस यांच्यापलीकडं गेले नव्हते. आणि पळण्याच्या शर्यतीत एकदा मी मागं वळून पाहिलं होतं, तर मागं कुणीच नव्हतं. राहता राहिली हजेरी. त्याला अक्कल लागत नाही, पाय लागतात. मी मनाशी म्हटलं, जाते रोज, बघू कोण अडवतंय.

आणि गेले. गालगुंडं झाली तेव्हा गालांना ओढणी बांधून गेले. तोंड उघडेना, म्हणून नंबर आल्यावर मिटल्या तोंडानंच हुंकार दिला. आतेभावाचं लग्न होतं पणदऱ्याला, तेव्हा घरचे सगळे टेम्पोनं पुढं गेले आणि मी हजेरी देऊन मागनं दूधवाल्याच्या गाडीवर. पोचले तर अक्षता पडून गेलेल्या, नवरा-नवरी जेवायला बसलेली. आत्या अजून बोलून दाखवते. एकदा ताप अंगात असताना गेले, तर कवितेच्या तासाला बाकावरच झोपले. पण हजर!

आता आमच्या वर्गातली हजेरी कशी चालायची ते सांगते. कदम सर वर्गशिक्षक. माणूस देवासारखा, फक्त निम्मं ध्यान विहिरीवरच्या मोटारीवर. त्यांचं रान शाळेला लागून होतं. मोटारीचा आवाज वर्गात ऐकू यायचा. तो चालू आहे तोवर सर निवांत, मान खाली घालून, एका चालीत, "एक, दोन, तीन," म्हणत जायचे. कोण बोललं हे त्यांनी कधी पाहिलं नाही. आवाज आला की झालं.

आणि आमच्याकडं सावड आहे. शेतात असते ना, आज तुम्ही माझ्या रानात खुरपायला या, उद्या मी तुमच्या रानात येते, तशी. आम्ही पोरांनी ती हजेरीला लावली होती. भुईमूग काढायचा आहे, म्हैस व्यायली आहे, मामाकडं जत्रा आहे, तर आज तू माझं "हजर सर" म्हण, उद्या मी तुझं म्हणतो. नियम घरच्या सावडीचेच. नाही म्हणायचं नाही, आणि सावडीचं बाहेर बोलायचं नाही. वर्गात प्रत्येकाचा सावडकरी ठरलेला.

फक्त मला सावडकरी नव्हता. मला लागतच नव्हता, मी रोज जात होते. उलट हमखास सापडणारी मीच, म्हणून सगळे माझ्या गळ्यात पडायचे. मला चार आवाजांत "हजर सर" म्हणता यायचं. घोगरा, नाकातला, सर्दीचा, आणि सुनंदाचा किनरा. सुनंदा म्हणजे माझी बाकावरची शेजारीण, जिवाभावाची. तिचा नंबर एकतीस, माझा बत्तीस.

संपतची गोष्ट तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिवाळीनंतर त्याच्या वडलांना लोणी देवकरला फॅक्टरीत काम लागलं आणि सगळं बिऱ्हाडच तिकडं गेलं. तिकडच्या शाळेनं त्याला बसवून घेतलं, पण इथनं दाखला न्यायचा राहून गेला, म्हणून आमच्या रजिस्टरात नाव तसंच. पोरं इमानी. "दाखला न्हेला न्हाय तवर आपलाच हाय त्यो," म्हणून आमच्या वर्गातला नाना रोज त्याचं "हजर सर" म्हणायचा. एकाच वेळी दोन शाळांत हजर असलेला विद्यार्थी मी तरी दुसरा पाहिला नाही.

माझं घोडं अडलं ते नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. सुनंदा सणाला इंदापूरला मामाकडं गेलेली, झोके खेळत राहिली, परतली नाही. आदल्या रात्री पावसानं वाटेचा राडा झालेला. तात्यांनी मला फटफटीवर शाळेत आणलं, तर फाटकाजवळ चाक चिखलात रुतलं. आम्ही दोघांनी रेटून काढलं. तात्या कमरेपर्यंत चिखलानं माखले आणि मला म्हणाले, "जा पळ, नायतर खाडा पडंल तुजा." धावत वर्गात शिरले. सर पंचवीस नंबरावर पोचले होते.

"एकतीस?"

मी किनऱ्या आवाजात म्हटलं, "हजर सर."

आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. मोटार बंद पडली. वर्षभर विहिरीवर असलेलं सरांचं ध्यान एकदम वर्गात आलं. त्यांनी मान वर केली आणि एकतीसचा आवाज आला तिकडं, सरळ माझ्याकडं बघत म्हणाले, "बत्तीस?"

आता काय करू? एकच तोंड दोनदा कसं उघडू? सुनंदाची जागा शेजारी रिकामी. मी तोंड उघडलं असतं तर तिचा खाडा तर पडलाच असता, वर दोघींना छड्या. माझ्या वतीनं बोलायला कुणी नव्हतं, कारण माझा सावडकरीच नव्हता. मी गच्च डोळे मिटून घेतले. सर "तेहतीस" म्हणाले आणि पुढं गेले.

सरांनी लाल पेन टेकवलं की नाही ते मी पाहिलंच नाही. त्या एका लाल रेघेच्या धास्तीत मी पुढचे सहा महिने काढले. सरांना सांगावं, तर सुनंदाचं सांगावं लागणार. रजिस्टर बघावं, तर ते टेबलाच्या खणात कुलूपबंद. खडू आणायच्या निमित्तानं दोनदा ऑफिसात डोकावले, तर दोन्ही वेळा खडू घेऊन परत. रात्री देवाला म्हणायचे, सरांनी बघितलं असलं तर असू दे, पण लिहिलेलं नसू दे.

समारंभाच्या दिवशी तात्या इस्त्रीची टोपी घालून बाप्यांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या आत. पळणे झालं, निबंध झाला. मग हेडमास्तर माईकशी आले, घसा खाकरला आणि अभिमानानं थरथरत म्हणाले, "यंदा आपल्या शाळेनं शिस्तीचा कळस गाठला आहे. इयत्ता दहावीतील तेवीस, मी पुन्हा सांगतो, तेवीस विद्यार्थी वर्षभरात एकही दिवस गैरहजर नाहीत!"

सगळा मांडव टाळ्यांनी दणाणला. कदम सर रुमालानं मान पुसत होते. सावडीनं सगळ्यांच्याच रानात पीक आलं होतं!

पण घड्याळ एकच आणलेलं. त्यावर तोड निघाली. पोरानं वर जायचं, घड्याळ घ्यायचं, फोटो काढायचा, घड्याळ परत टेबलावर ठेवून खाली यायचं. इंदापूरचा फोटोग्राफर होता. ते तेवीस फोटो पुढं कितीतरी वर्षं ऑफिसात लावलेले होते. पोरं बदलतात, घड्याळ तेच, आणि त्यातले काटे मात्र दर फोटोला पुढं सरकलेले. पहिल्या पोराच्या हातात सव्वा वाजलाय, शेवटच्याच्या हातात पावणेदोन.

नावं नंबरानं चालली होती. "कुमारी सुनंदा," झालं. ती घड्याळ घेऊन हसत फोटो काढून आली, माझ्या शेजारी टेकली आणि मला कोपरखळी मारली, ऊठ म्हणून. आता मी. हेडमास्तरांनी पान उलटलं.

"कुमार संपत."

म्हणजे लाल पेन टेकलं होतं. तिकडं नाना, जो स्वतःच्या नावाला एकदा जाऊन आला होता, दुसऱ्याची टोपी कपाळावर ओढून संपत म्हणून पुन्हा वर गेला, फोटोला तोंड फिरवून उभा राहिला आणि खाली आला. लोणी देवकरच्या पोराला बक्षीस मिळालं. आणि गालगुंडात गेलेली मी खालीच.

यादी संपली. आणि बाप्यांच्या बाजूनं तात्या उभे राहिले.

"ओ सर, माज्या पोरीचं ऱ्हायलं की!"

हेडमास्तरांनी चष्मा सारखा केला आणि माईकवरून माझं नाव, तात्यांचं नाव, आडनाव, सगळं पुकारलं. "उभी राहा."

मी उभी राहिले. रजिस्टर आलं. त्यांनी बोट फिरवलं आणि पुन्हा सगळं नाव घेऊन वाचलं, "एक दिवस गैरहजर. नागपंचमीचा दुसरा दिवस."

"आसं कसं?" तात्या म्हणाले.

हेडमास्तर न्यायी माणूस. तिसऱ्यांदा माझं पूर्ण नाव घेऊन विचारलं, "त्या दिवशी तू शाळेत होतीस का?"

मी काही बोलायच्या आत मागनं सगळा वर्ग सवयीनं ओरडला, "हजर सर!"

"मी हजेरी घेत नाहीये!" हेडमास्तर कडाडले. "बाकीच्यांनी तोंडं बंद ठेवा. हिलाच सांगू दे." आणि चौथ्यांदा माझं नाव पुकारलं.

सुनंदाला आत्ता उमगलं होतं. ती उठायला लागली तशी मी तिची वेणी धरून खाली ओढली. होते म्हटलं असतं तर मग बोलली का नाहीस, हा पुढचा प्रश्न. मग सुनंदा, मग नाना, मग संपत, मग तेवीसच्या तेवीस, आणि शेवटी बिचारे कदम सर. सगळ्यांच्या आया त्या मांडवात बसल्या होत्या. मी तात्यांकडं बघितलं. ज्या माणसानं त्या दिवशी कमरेपर्यंत चिखलात उभं राहून मला शाळेत पोचवलं होतं, तो माझ्याकडं बघत होता.

"नव्हते सर," मी म्हटलं.

तात्या हळूच खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

पंगतीत लापशीचं पान पुढ्यात आलं तशी ढसाढसा रडले. मास्तरांना वाटलं, निरोपाचं रडू आहे, फक्त थोडं आधी आलंय. "आधी जेव गं, मग रड," म्हणून कदम सरांनी माझ्या पानात आणखी एक पळी तूप ओतलं. त्यांना काय ठाऊक.

संध्याकाळी फटफटीवर मागं बसले. दोन्ही बाजूंनी तुटलेल्या उसाचं पाचट पेटवलेलं, धूरच धूर. निम्म्या वाटेवर तात्यांनी फटफटीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "खोटं का बोललीस?"

मी सगळं सांगितलं. सावड, एकतीस नंबर, लाईट गेली ते, माझा सावडकरी नव्हता ते. संपतचं ऐकून त्यांची पाठ हलायला लागली. मला वाटलं रागानं, पण हसत होते. इतके की फटफटी थांबवून त्यांना डोळे पुसावे लागले.

"मी काय शब्द दिलाता?" त्यांनी विचारलं.

"माईकवरनं नाव पुकारलं तर."

"मग? त्या तेवीस जनांचं एकेकदा पुकारलं. तुजं चारदा पुकारलं हेडमास्तरानं, आडनावासकट. मी मोजलंय." त्यांनी टोपी डोक्यावर घट्ट बसवली. "बक्षीस मिळालं पायजे आसं मी कुठं म्हनलोतो?"

इकडं बाहेर माईकवर भाचीचं नाव आलं म्हणून मी लगबगीनं वर्गातून निघाले. मेडल बेस्ट स्माईलचं होतं. जी पोरगी घरी सकाळी दहापर्यंत कुणाकडं धड बघत नाही, तिला! आता शाळेच्या दारात चेहरा ओळखणारं यंत्र बसवलंय. त्याच्यापुढं उभं राहिलं की ते हजेरी लावतं. कुणी कुणासाठी बोलायची सोयच नाही. सुनंदाला फोन करून सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं बाई, आपण आधी सुटलो." तिची आता स्वतःची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. चाळीस बाया कामाला. त्यांची हजेरी ती स्वतः घेते, आणि मान वर करून घेते.

तात्यांना जाऊन चार वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. असल्या समारंभात तर हटकून येते. त्या संध्याकाळी फटफटीला पुन्हा किक मारताना त्यांनी आणखी एक सांगितलं होतं, आणि जूनमध्ये तसंच करूनही दाखवलं.

"सुनंदाच्या बापाला उद्या भेटतो. तिला बी तुज्यासंगं बारामतीला धाडायला सांगतो."

"तिला कशाला तात्या?" माझा अजून विश्वास बसत नव्हता.

"आगं, तुजी हजेरी लावायला कोन तरी पायजे की."